अनसूयाबाईंचा अख्खा तागा

सांगते त्यातला शब्द न शब्द खरा आहे. मोठ्याने सांगते, नदीपलीकडे रोह्यात ऐकू गेलं तरी चालेल. एक अक्षर जरी खोटं निघालं, तर ही माझी कवळी भर पंक्तीत, व्याह्यांच्या समोर, आमटीच्या वाटीत पडो. देवाची शपथ कुणीही घेतं हो, देव काही लगेच चौकशीला येत नाही. कवळी तोंडातच बसलेली असते, तिला सूड घ्यायला कुठे लांब जावं लागत नाही. तेव्हा मध्ये मध्ये ‘काहीतरीच काय आजी’ म्हणायचं नाही.

तर आमच्या अष्टमी गावात पुलापासून चार घरं सोडून अनसूया राहते. वय अडुसष्ट, तब्येत ठणठणीत, रक्तदाब तेवढा आहे आणि त्याची गोळी घ्यायला ती रोज विसरते. रोज म्हणजे रोज. नवरा नीलकंठराव भूगोलाचे मास्तर होते. शाळेतून रिटायर झाले, घरातून व्हायचे आहेत. गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन तिच्या मागे हिंडणं हा आता त्यांचा विषय.

अनसूयाचं कपाट उघडलंत तर तुम्हाला वाटेल दुकान आहे. पण त्यातली एकही साडी तिची एकटीची नाही. भजनी मंडळाची दरसालची साडी, तशाच आणखी चौदा जणींकडे. पुतणीच्या हळदीची पिवळी, तशाच घरातल्या सगळ्यांकडे. नवरात्रात कुठला वार कुठला रंग ते मोबाइल ठरवणार, आणि त्या दिवशी रोह्याच्या बाजारात उभं राहिलं की अख्खा बाजार जांभळा. अनसूयाने यावर कधी तक्रार केली नव्हती. बायकांनी ओळीत एकसारखं दिसायचं, याची तिला सवय होती.

पण गेल्या वर्षी पेणला माघी गणपतीच्या भजन स्पर्धेत एक प्रकार झाला. सगळ्या जणी मोरपंखी साडीत पाठमोऱ्या उभ्या. नीलकंठराव मागून आले, एकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अगो, गोळी विसरलीस ना? रोज रोज मी किती मागे लागायचं?” ती बाई वळली तर नमिताबाई, मंडळाच्या अध्यक्ष. मास्तरी आवाजाने त्या इतक्या दचकल्या की त्यांनी गोळी घेऊन टाकली. रक्तदाब त्यांना नव्हताच. पुढे दुसऱ्या अभंगात त्यांची मान पेटीवर टेकली आणि पेटीतून एकच सूर बराच वेळ निघत राहिला. परीक्षकांना तो प्रयोग वाटला, पण मार्क मिळाले नाहीत.

सगळे हसले. अनसूयाही हसली. घरी येऊन मात्र ती आरशाकडे पाठ करून, मान वळवून, स्वतःला मागून बघायला लागली. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि मागून ही बाई म्हणजे कुणीही. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच किडा शिरला. मला मागून ओळखता आलं पाहिजे. गावाने नाही ओळखलं तरी चालेल, या माणसाने तरी.

वर्षभर किडा झोपला होता. संक्रांतीला नात आली, तिने तो उठवला.

नात म्हणजे अनन्या. मुंबईला फॅशनचं शिकते. ती घरात शिरली ती एक लालभडक चौकड्याची विजार घालून. विजारीला जागोजाग चेनी, कडीला कडी अडकवलेल्या साखळ्या, गुडघ्यावर फाटलेलं आणि ते फाटलेलं सेफ्टी पिनांनी जोडलेलं. शिवाय एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत एक पट्टा. नीलकंठरावांनी चष्मा पुसला, परत घातला आणि विचारलं, “हा पट्टा चालायला मदत करतो, की पळून जाऊ नये म्हणून आहे?”

अनन्या रागावली नाही. आजोबांना भूगोलातूनच समजावते म्हणाली. स्कॉटलंडात म्हणे घराण्या-घराण्याचा आपापला चौकडा मिरवतात. लाल-हिरवा अमक्यांचा, निळा-काळा तमक्यांचा. कापड बघितलं की माणूस कुठल्या घरचं ते कळतं. त्याला टार्टन म्हणायचं. मग पन्नासेक वर्षांपूर्वी लंडनातल्या पोरापोरींची डोकी फिरली. हाताला काम नाही, मोठी माणसं सारखी शहाणपण शिकवणार. त्यांनी काय केलं, तर हाच राजेशाही चौकडा घेतला, फाडला, पिना टोचल्या, साखळ्या लावल्या आणि रस्त्यावर आले. बघा काय करायचं ते करा. त्यांना पंक म्हणायचं.

“म्हणजे आमच्या दहावी ‘क’सारखे,” नीलकंठराव म्हणाले.

अनसूयाने यातलं फार ऐकलं नाही. तिच्या कानात दोनच गोष्टी राहिल्या. कापड बघितलं की माणूस ओळखू येतं. आणि, बघा काय करायचं ते करा. विजार घालायचा तिचा विचार नव्हता, तेवढी ती बिघडली नव्हती. ब्लाउज. लाल चौकड्याचा ब्लाउज, वर साधी पांढरी साडी. ब्लाउजची पाठच तर मागून दिसते.

आता चौकडा आणायचा कुठून? रोह्याच्या बाजारात दुकानदारांनी टॉवेल दाखवले, टेबलावर घालायची कापडं दाखवली, एकाने बुवांच्या लुंग्या काढल्या. अनसूया म्हणाली, ब्लाउजसाठी हवंय. तो म्हणाला, काकी, घरी कुणाला वाईट वाटेल. शेजारची प्रतीक्षा म्हणाली, कशाला उन्हात फिरता, मोबाइलवर मागवा. तिनेच मागवून दिलं. ‘टार्टन, लाल, घालायचं, लहान साइज’ असं काहीतरी दाबलं. चार दिवसांनी पुडकं आलं. कापड अगदी हवं तसं. शिवलेलंही सुबक. फक्त त्याला चार बाह्या होत्या आणि पोटाखाली पट्टा.

अनसूया आणि प्रतीक्षा बराच वेळ ते उलटसुलट करत बसल्या. शेवटी नीलकंठरावांनी पुडक्यावरचं कुत्र्याचं चित्र दाखवलं.

परत पाठवायचं तर त्याचे सोपस्कार. फोनवरच्या मुलीने नम्रपणे विचारलं, मॅडम, कुठे घट्ट होतंय? कुत्र्याची जात कुठली? घातलेला फोटो पाठवा. अनसूया म्हणाली, कुत्रा नाही, मी आहे. मग मुलगी तितक्याच नम्रपणे म्हणाली, मॅडम, तुमची छाती किती इंच? एवढं झाल्यावर अनसूयाने फोन ठेवला. तो कोट आता प्रतीक्षाच्या मिक्सरला घालतात. पाय नाहीत, पण बसतो बरोबर.

मग कुणीतरी सांगितलं, पेणला एसटी स्टँडजवळ हितेशचं गणवेशाचं दुकान आहे, तिथे बघा. अनसूया एकटीच एसटीने गेली. आणि तिथे फळीवर, धूळ खात, उभा होता तो. लाल जमीन, हिरव्या रेघा, मध्ये पिवळी बारीक दोरी. अनसूयाला म्हणे बोहल्यावर अंतरपाट खाली आला तेव्हाही असं झालं नव्हतं.

हितेश म्हणाला, इंग्रजी शाळेचा जुना गणवेश आहे, मुलांचा त्यांनी बदलला, माल अंगावर पडलाय. किती मीटर देऊ? अनसूया म्हणाली, पाऊण. तो कात्री उचलणार, इतक्यात तिच्या डोक्यात वीज चमकली. उरलेला कोण नेईल? उद्या नमिताबाई इथे आल्या आणि त्यांनीही पाऊण मीटर घेतलं तर? मागून परत तेच. एक बाई, दोन पाठी.

“अख्खा तागा दे,” ती म्हणाली.

हितेशने विचारलं, शाळा काढताय का? अनसूयाने पैसे मोजले. साऱ्या जिल्ह्यात आता हा चौकडा फक्त माझ्याकडे, अशा तोऱ्यात ती स्टँडवर आली. तागा तिच्यापेक्षा उंच. धूळ बसू नये म्हणून त्याला शाल गुंडाळलेली. एसटीत तो खिडकीच्या सीटवर बसवला आणि पडू नये म्हणून त्याच्याभोवती हात टाकला. कंडक्टर आला, तिला तिकीट दिलं आणि आदराने विचारलं, आजोबांचं झालंय का पंचाहत्तर? अनसूयाने शाल बाजूला केली. मग तो माणूस की सामान, सामान असेल तर सीटवर का, सीटवर आहे तर तिकीट का नाही, यावर नागोठण्यापर्यंत चर्चा झाली. सगळ्या गाडीने मतं दिली. मागच्या एका म्हाताऱ्याने तर त्याला उठवून स्वतः बसायची मागणी केली. नागोठण्याला तागा उभा राहिला आणि म्हातारा बसला. रोह्यापर्यंत अनसूया दांड्याला आणि तागा अनसूयाला धरून.

घरी तागा हॉलच्या कोपऱ्यात गेला. नीलकंठरावांनी त्याच्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, “जेवायला आहेत का हे?”

ब्लाउज शिवायला टाकला निलेशकडे. निलेश चांगला शिंपी, पण त्याची हयात शाळांच्या गणवेशात गेली. चौकडा हातात आला की त्याचा हात आपोआप चालायला लागतो, मेंदूला विचारत नाही. ब्लाउज आला तर छातीवर खिसा, खिशावर शाळेचा शिक्का, पाठीवर दोन घड्या, आणि खांद्याला ओळखपत्राची नाडी अडकवायला एक फासा. निलेश कान पकडून म्हणाला, काकी, थोडक्यात वाचलात, मी चेनच्या जागी डबा ठेवायची पिशवी लावणार होतो.

अनसूयाने खिसा स्वतः उसवला, जागा बंद करून टाका घातला आणि दोरा कचकन दातांनी तोडला. हो, या वयात. दात सगळे शाबूत, त्याचा तिला गर्व आहे. मग अनन्याला बोलावून पाठीच्या चेनीच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी पिनांची रांग लावून घेतली. पांढरी साडी नेसली. आरशात मान वळवून बघितलं. या पाठीला आता कुणी नमिताबाई म्हणणार नव्हतं.

म्हटलं नाहीच. ती भाजीला म्हणून पुलाच्या तोंडाशी उभी राहिली, तर एक तरुण आई धावत आली, एक पोर तिच्या हातात दिलं, म्हणाली, मावशी, आज डब्यात पोळीचा लाडू आहे, सांडू देऊ नका, आणि पळत पळत कंपनीची बस पकडायला गेली. अनसूया तोंड उघडते तोवर दुसरं पोर आलं. तिसऱ्याच्या बापाने तर उशिराबद्दल तिची माफीही मागितली. त्या शाळेने मुलांचे गणवेश बदलले होते, पण बसमधल्या मुलं सांभाळणाऱ्या मावश्यांचे नाही. त्यांचे एप्रन अजून त्याच चौकड्याचे. पिवळी बस आली, ड्रायव्हर ओरडला, मावशी, चढा, आज आधीच उशीर. ती सांगणार होती. पण एका पोराने पाठीवरची एक पिन घट्ट धरली होती, आणि ते सोडेना. चढली. काय करते?

शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन, पोरं मोजून देऊन, एका लाडवाचा चुरा पदरातून झटकून अनसूया परत आली, तर नीलकंठराव झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

“आज पुलावर गंमत झाली,” ते म्हणाले. “शाळेच्या बसमध्ये एक मावशी पाठमोरी उभी होती. हुबेहूब तुझ्यासारखी. म्हटलं घरी जाऊन तुला सांगावं.”

अनसूयाने भाजीची रिकामी पिशवी खुंटीला लावली. आत गेली, ब्लाउज काढला, घडी घातली. भांडी जरा जास्त जोरात लावली. नीलकंठरावांनी झोपाळ्यावरूनच विचारलं, गोळी घेतलीस का? आणि खरं सांगते, ती घ्यायला विसरली होती.

तरी तिने धीर सोडला नाही. तिने ठरवलं, स्पर्धेच्या दिवशी, पेणला, मंडळाच्या साडीवर हाच ब्लाउज घालायचा. चौदा जणींच्या साध्या पाठी आणि एक चौकड्याची. शाळेची बस तिथे येणार नाही. तिथे तरी या माणसाला चूक करायला जागा नाही.

स्पर्धा परवावर आली आणि दुपारी नमिताबाई दारात. मागे सगळं मंडळ. तोंडं उतरलेली. यंदाच्या साड्या सुरतेहून यायच्या होत्या. पार्सल आठ दिवस भिवंडीत. फोन केला की एक बाई सांगते, तुमचं पार्सल निघालं आहे. कुठून निघालं, कुठे निघालं, ते ती सांगत नाही. नमिताबाई म्हणाल्या, पांढरी साडी सगळ्यांकडे आहे, पण पांढऱ्यात पंधरा जणी बसल्या तर लोक भजनाला टाळ्या वाजवतील की सांत्वनाला येतील?

बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तागा उभा होता. अनसूयाने त्याच्यावर चादर टाकली होती, पण चादर आखूड पडली होती आणि खालून लाल दिसत होतं. नमिताबाईंनी चादर ओढली.

सगळ्यांच्या मनात एकच. पांढऱ्या साडीवर लाल चौकड्याचा शेला, खांद्यावरून तिरपा. शिवायला नको, नुसतं कापायचं. पंधरा शेले निघून तागा उरला असता.

अनसूया तागा बघत होती. त्याच्यासाठी ती नागोठण्यापासून उभी आली होती.

ढोलकी वाजवणारी जनी खाडीकडच्या गावातली, तिच्या घरचं मीठ पिकवायचं काम. बोलायला सरळ. ती पुढे आली आणि म्हणाली, “तुजा हाय गो, तू सांग. नको म्हनलीस तरी आमी रागवनार नाय. फकस्त मरेपर्यंत बोलून दाखवू.”

मग अनसूयाने स्वतःच कात्री आणली. दुसऱ्या कुणाला कापू दिलं नाही. टेरीकॉट असा काही आवाज करत फाटतं की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात काहीतरी मोडतंय. पंधरा तुकडे झाले. शेवटचा तिने स्वतःला ठेवला. तो बाकीच्या चौदांसारखाच होता.

पिना हव्यात, अनन्या म्हणाली, मी बाजारातून आणते. तेवढ्यात पंधरा बायकांनी बांगड्यांतून, मंगळसूत्रांतून, पदराच्या आतून, कुठून कुठून पिना काढायला सुरुवात केली. एकट्या जनीच्या बांगड्यांत नऊ. ताटलीत ढीग झाला. अनन्या बघतच राहिली. म्हणाली, आमच्या कॉलेजात हे सगळं शिकवायला माणूस येतो. तुम्ही सगळ्या आधीपासूनच पंक आहात.

“म्हंजे काय?” जनीने विचारलं.

“ज्यांना लोक काय म्हणतील याची पर्वा नसते ते.”

“मग मी नाही,” नमिताबाई म्हणाल्या. “मला सगळ्यांची पर्वा असते. माझी पिन सरळ लाव.”

पेणला पोचलो तर दारातच अडलं. आयोजकांचे चिटणीस दिनानाथ म्हणून होते, हातात नियमांचा कागद. ‘पारंपरिक वेशभूषा अनिवार्य.’ हा शेला पारंपरिक कसा, ते म्हणाले. हे तर विलायती दिसतंय. नमिताबाईंनी विनंती केली. नीलकंठराव स्कॉटलंडचं हवामान सांगायला लागले, त्याने प्रकरण आणखी लांबलं. दिनानाथ म्हणाले, समितीची बैठक घ्यावी लागेल, समितीतले दोघे प्रसाद वाटपात आहेत, एक मुंबईला. बोलून बोलून त्यांना घाम फुटला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

रुमाल चौकड्याचा होता. लाल, हिरवा, मध्ये पिवळी बारीक रेघ.

जनीने तो त्यांच्या हातातून घेतला, आपल्या शेल्यावर ठेवला. कुठे रुमाल संपतो, कुठे शेला सुरू होतो, कळेना. “ह्यो कुनी दिला?” तिने विचारलं. दिनानाथ म्हणाले, वडिलांचा आहे. “वडलांना कुनी दिला?” आजोबांनी, ते म्हणाले. जनीने रुमाल घडी घालून परत दिला. दिनानाथांनी कागदही घडी घातला आणि बाजूला झाले.

पण या सगळ्यात वेळ गेला. आम्ही कशाबशा स्टेजवर बसलो, एका ओळीत, मांडीला मांडी लावून. पडदा उघडायला दोन मिनिटं, आणि टेरीकॉट ते टेरीकॉट. पांढऱ्या साडीवरून ते घसरायला लागलं. एकीचा शेला सावरला की दुसरीचा मांडीत. अनन्या ताटली घेऊन मागून रांगत आली आणि जे हाताला लागेल ते पिनेने टोचत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पोरीचा हात चपळ. पडदा उघडायच्या आत तिने सगळे शेले पक्के केले. इतके पक्के, की हिचा शेला तिच्या शेल्यात आणि तिचा पुढचीच्या.

भजन सुंदर झालं. आता शेवटचा गजर. आमच्या मंडळाची रीत अशी, की गजराला अनसूया एकटी उठते आणि टाळ डोक्यावर नेते. ती उठली. उठताना तिला दोन्ही बाजूंनी जरा जड वाटलं, तिने जोर लावला. डावीकडची प्रतीक्षाची सासू उठली. तिच्याबरोबर पुढची. उजवीकडे नमिताबाई उठल्या, एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, पेटी जमिनीवर, अशा अर्ध्या वाकलेल्या. त्या टोकाला जनी ढोलकीसकट उभी झाली. अख्खी ओळ, लाटेसारखी, दोन्ही बाजूंनी. घाबरून अनसूया बसली. सगळ्या बसल्या. बसलेलं बरं दिसत नाही म्हणून परत उठली. सगळ्या उठल्या. मग तिला वाटलं जरा डावीकडे सरकून बघावं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. परीक्षक उभे राहिले. आम्हाला पहिला नंबर नाही मिळाला, दुसरा नाही, तिसरा नाही. परीक्षकांनी एक नवीनच बक्षीस तिथल्या तिथे काढलं. उत्कृष्ट शिस्त. अनन्या विंगेत जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. म्हणाली, चौकडा आणि पिना लावून शिस्तीचं बक्षीस मिळवलं, लंडनच्या पोरांना कळलं तर रडतील.

आणि आता खरी गोष्ट.

स्टेजवरून उतरलो तरी आम्ही सुटलेल्या नव्हतो. चहाच्या टेबलासमोर भिंतीकडे तोंड करून उभ्या, ओळीत, आणि अनन्या एका टोकापासून पिना काढत येत होती. पंधरा पांढऱ्या साड्या, पंधरा चौकडे. अनसूया मधोमध. तिचा चौकड्याचा ब्लाउज शेल्याखाली झाकून गेलेला. कुणाची पाठ कुणाची, ते देवालाही सांगता आलं नसतं.

मागून चपलांचा आवाज आला. तो आवाज ती पंचेचाळीस वर्षं ओळखते. हातात गोळी असणार, बाटली असणार. ती मान वळवू शकली असती. नाही वळवली. म्हणाली मनात, बघू या.

चपला टोकाला थांबल्या. काहीतरी पुटपुटणं. पुढे आल्या. परत थांबल्या. परत पुटपुटणं. मग नमिताबाईंच्या मागे थांबल्या, आणि नमिताबाई घाईघाईने म्हणाल्या, “घेतली, घेतली, सकाळीच घेतली.” चपला पुढे सरकल्या आणि अनसूयाच्या मागे आल्या.

“गोळी घेतलीस का?”

अनसूया गप्प. काय बोलणार? घेतली नव्हती.

“नाही ना?” नीलकंठराव म्हणाले. “म्हणजे तूच.”

ती वळली, जेवढं पिनांनी वळू दिलं तेवढं. तिने विचारलं, ओळखलंत कसं? ते म्हणाले, “ओळखायचं काय त्यात? तिघींना विचारलं, तिघी घेतली म्हणाल्या. एवढ्या ओळीत न घेणारी तू एकटीच.” आणि पेल्याऐवजी बाटलीचं झाकण पुढे केलं, त्यात पाणी ओतून.

अनसूयाने गोळी घेतली. ती म्हणे त्या दिवशी गोड लागली. पाकीट फिरवून बघितलं, नेहमीचीच होती.

पुढचं सांगायला नको, पण सांगते. उरलेला तागा एका आठवड्यात संपला. एवढंसं दे गो, एवढंसं दे, म्हणत अष्टमीतल्या सगळ्या पिशव्या, उशा आणि एका रिक्षाचा पडदा चौकड्याचा झाला. निलेशच्या हाताला आता बरं वाटतं. पेणच्या एका कारखान्यात सुजय म्हणून मूर्ती रंगवणारा आहे, त्याने स्पर्धेत शेले बघितले होते. त्याने एका गणपतीला लाल चौकड्याचा शेला रंगवला, आणि तो पहिल्या दिवशीच विकला गेला. सुरतेचं पार्सल आलं एकदाचं. साड्या बघितल्या तर चौकड्याच्या. नमिताबाईंनी निवडलेल्या, सहा महिन्यांपूर्वी, कुणाला न सांगता.

अनसूया हल्ली मागून कशीही दिसते. गोळी मात्र अजून आठवणीने विसरते.

आता तुम्ही विचाराल, आजी, यातलं खोटं काय? कुत्र्याचा कोट खरा, बस खरी, शिस्तीचं बक्षीस तर शोकेसमध्ये आहे, येऊन बघा. एकच गोष्ट मी पदरची घातली. ती कवळी. मला कवळी नाही, कधी नव्हती. दात माझे स्वतःचे आहेत, या वयात अख्ख्या अष्टमीत दुसऱ्या कुणाकडे नाहीत असे, आणि त्या ब्लाउजच्या खिशाचा दोरा मी त्यांनीच तोडला होता.